दाजी, दिवा लावलेला नाही

दाजी, आज अकरावा दिवस. तुमच्या चौकीत बसून लिहितो आहे. शाईचा पेन बाहेर ठेवला, त्याची निब पोलादाची आहे. कमरेचा पट्टा, घराच्या किल्ल्या, चपला, सगळं बांधाच्या पायथ्याशी बाभळीखाली काढून आलो. लिहायला तुमचीच शिसपेन्सिल घेतली आहे, जिचं मागचं टोक तुम्ही विचार करताना चावायचात. टोक करायला इथे चाकू आणता येत नाही, म्हणून अक्षर जाड येतंय. सांभाळून घ्या.

नांदेडात बातमी कळली तेव्हा ज्यानं त्यानं मला एकच विचारलं. स्फोट झाला का हो? मी म्हणायचो, नाही, ताप आला होता. त्यावर काही जणांचा चेहरा चक्क उतरायचा. अठरा वर्षं बारूदखान्याच्या दाराशी बसलेला माणूस चार दिवसांच्या तापानं जावा, हे कुणाला पटतच नव्हतं. मलाही अजून पटलेलं नाही. मी तुमच्याशी भांडून गेलेला मेव्हणा आहे, आणि भांडण अर्ध्यावर ठेवून माणसानं असं उठून जायचं नसतं.

तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाठवलेलं पत्र माझ्या खिशात आहे. "तुझी अक्का वाट बघती. मीबी. पाटीचं मनावर घेऊ नगं." एवढंच. कचेरीचे सगळे कागद उर्दूत झरझर लिहिणारा माणूस, पण मराठी लिहिताना तुमचं अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं. मी उत्तर लिहायला बसलो होतो. दोनदा बसलो. दोन्ही वेळा दुसऱ्या ओळीवर अडलो आणि कागद फाडला. शिकवणारा माणूस मी, सगळ्या पोरांकडून पत्रलेखन घोकून घेणारा. हे त्या पत्राचं उत्तर आहे असं समजा.

तुम्हाला आठवतं का, मी इथे पहिल्यांदा आलो तो दिवस? तुम्ही उदगीर सोडून इकडे धर्माबादच्या बाजूला रेल्वेच्या खडीच्या खदानीवर नोकरी धरली, म्हणून आमच्या घरी सगळे तुमच्यावर खवळले होते. अक्काला माळरानावर नेऊन ठेवलं म्हणे. मी नुकताच मास्तर झालो होतो, अंगावर नवा कोट होता, आणि तुम्हाला चार शब्द सुनवायचे असं ठरवूनच आलो होतो. तुम्ही मला बांधाच्या तोंडाशीच अडवलंत.

"थांब मेव्हण्या. अंगावर लोखंड काय काय हाय?"

मी किल्ल्या काढल्या. पट्टा काढला. खिशातला चाकू काढला.

"गुंड्या कशाच्या?"

"शिंपल्याच्या."

"ऱ्हाऊ दे. चपलेला खिळे असतेत, चप्पल काढ. आन् डोक्यात एखादा खिळा अडकला असंल तं तोबी हितंच ठीव."

मग तुम्ही तांब्याच्या लोट्यातून माझ्या पायांवर पाणी घातलंत. मला वाटलं जावयानं मेव्हण्याचे पाय धुवायची ही कुठली उलटी रीत. तुम्ही म्हणालात, तळपायाला खडा चिकटून येतो, खड्यावर खडा घासला की ठिणगी पडते. एवढं बोलून तुम्ही माझा एकेक तळपाय हाताने चाचपून पाहिलात. आमच्या उदगीरच्या बाजारात बैल घेताना खूर पाहतात तसा.

दार एवढं बुटकं की मान वाकवल्याशिवाय आत जाता येत नाही. दाराला तांब्याचे खिळे, कुलूप पितळेचं, किल्ली पितळेची. पेटी उघडायला लाकडी हातोडा आणि पितळेची पाचर. आत थंड, कोरडा अंधार, आणि एक गोडसर वास, जो पाच मिनिटांत कपाळात जाऊन ठणकायला लागायचा. पेट्या फळ्यांवर ओळीनं ठेवलेल्या, मध्ये माणूस जाईल एवढी वाट. सुरुंग उडवायच्या टोप्या मात्र इथे नाहीत, त्या दूर दुसऱ्या कोनाड्यात, कारण दोघी सवती हायेत असं तुम्ही म्हणायचात, एका घरात ठेवायच्या नसतात. भिंती दोन हात रुंद, बाहेरून चारी बाजूंनी मातीचा उंच बांध. आणि छप्पर मात्र पातळ फळ्यांचं. मी हसलो. एवढी तटबंदी केली आणि वरून उघडंच?

तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "फुटलंच कधी, तं वरच्या वर निघून जावं. बाजूच्या मानसाला धक्का नगं." आणि पुढे, "तुझ्या अक्काचा राग सोसायची हीच रीत हाय. भिंत जाड ठिवायची आन् वरचं छप्पर हलकं. ती फुटती, वर जाती, भाकरी तेवढी येळेवर मिळती."

चार शब्द सुनवायचे राहून गेले. संध्याकाळच्या गाडीनं परत जाताना माझ्या लक्षात आलं की दिवसभर मी फक्त हसत होतो. त्या दिवसापासून तुम्ही मला आवडायला लागलात, हे कधी बोललो नाही. मेव्हण्यानं दाजीला असलं काही सांगायचं नसतं, चिडवायचं असतं.

मग ती माय उपटली. ती कशी आली हे तुम्हीच मला सांगितलं होतं, अक्का हसून हसून डोळे पुसत असताना. गवत कापायला जाणाऱ्या बायका रोज बांधावरून तुम्हाला बघायच्या. माणूस चपला काढतो, पाय धुतो, कमरेचा पट्टा काढून ठेवतो, मान वाकवून एकटाच आत जातो, आणि बाहेर येतो तेव्हा दोन्ही हातांत पेटी छातीशी धरून, पाऊल मोजत, कुणाशी न बोलता. आत काय असेल? एका बाईनं जाता जाता चपला काढल्या. आठवड्यानं बांधाच्या तोंडाशी झेंडूचं फूल दिसलं. मग नारळ. तुम्ही हसून सोडून दिलंत. आणि एका दुपारी, फुफाट्यासारखा वारा सुटलेला, गवत वाळून कडकडीत झालेलं, तुम्ही जेवून परत आलात तर तिथे पणती तेवत होती.

तुम्ही ती धोतरानं विझवलीत आणि मग तिथेच बसलात. धोतराला भोक पडलं ते अक्कानं मला दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा तुम्ही त्यांना ओरडणार होतात. पण त्यांच्यातली एक म्हातारी, नरसाबाई, खदानीतल्या सुरुंगवाल्याची बायको, पुढे झाली आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "दादा, हिला दिवा चालत न्हाई व्हय?"

तुमच्या तोंडातून निघून गेलं, "न्हाई."

"उदबत्ती?"

"न्हाई."

"कापूर?"

"न्हाई. कायबी पेटतं नगं."

"निप्पू वद्दु," ती बाकीच्यांकडे वळून तिच्या तेलुगूत म्हणाली. विस्तव नको. "मंग काय चालतं हिला?"

तुमच्या हातात लोटा होता, म्हणून म्हणालात, "पानी."

"नुसतं?"

"पानी आन् फूल. आन् चप्पल खाली काढायची."

"बिनदिव्याची माय," नरसाबाई म्हणाली, आणि नाव ठरलं. नंतर कुणीतरी एक गोल धोंडा आणून ठेवला, त्याला कुंकू लावलं. पाच-सहा वर्षांत आजूबाजूच्या वाड्यांत झालं की बारूदखान्यापाशी बिडी ओढली की माय कोपते. तुम्ही मला हे सांगताना चेहऱ्यावर असा भाव होता की जणू कुणी तुम्हाला न मागता शेतजमीन दिली आहे.

मी चिडलो. मी तेव्हा तिशीतला, पुस्तकं वाचणारा, अंधश्रद्धा दिसली की अंगावर धावून जाणारा. भाकरी समोर होती आणि मी हात आखडून बसलो होतो.

"दाजी, ही फसवणूक आहे."

"हाव," तुम्ही भाकरी मोडत म्हणालात. "फसवणूक तं हायच."

"मग बंद करा."

"बाहेर पाटी हाय की. उर्दूत हाय, इंग्रजीत हाय. ह्या गावात कोन वाचून राहिलंय सांग."

"मराठीत लावा."

"मराठी तरी कोन वाचतंय?"

त्या एका वाक्यानं मी घायाळ झालो. तुम्हाला ठाऊक होतं मी का चिडतो. शाळेत मी सगळं उर्दूत शिकवतो, गणित, इतिहास, झाडाची मुळं आणि पानंसुद्धा. मराठी म्हणजे आईशी बोलायची आणि पोथीत वाचायची. सरकारी भिंतीवर मराठीचं एक अक्षर मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी ठरवलं, पहिलं अक्षर मी लावणार.

सागवानी फळी घेतली. घासली. पांढरा रंग दिला आणि लाल अक्षरांत स्वतःच्या हातानं लिहिलं. "सावधान. आत सुरुंगाची बारूद आहे. येथे देवी नाही. विस्तव आणू नये." मधलं वाक्य लिहायची काय गरज होती, हे आज मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. खरं सांगायचं तर मला तेच वाक्य सगळ्यात जास्त लिहायचं होतं. चादरीत गुंडाळून गाडीतून आणली, शेजारचा माणूस विचारत होता पाळणा आहे का. खिळे लोखंडी नकोत म्हणून तुम्ही लाकडी खुंट्या ठोकून दिल्यात.

बायका आल्या तेव्हा मी ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. सावकाश, एकेक शब्द, वर्गात दाखवतो तशी. आत देवी नाही, नुसती बारूद आहे, ती कशी फुटते, एक ठिणगी काय करते, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी नरसाबाई पाटीकडे बघून म्हणाली, "अक्षर लई चांगलं हाय मास्तर." आणि चपला काढून मायला पाणी घालून निघून गेली. तुम्ही चौकीत तोंडाला उपरणं लावून बसला होतात. खांदे हलताना मला दिसत होते.

त्याच दिवाळीला आलो तर पाटी नव्हती. चार खुंट्या भिंतीत तशाच.

"वाळवी लागली," तुम्ही म्हणालात.

"सागवानाला?"

तुमच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती. मी विचारलं तर म्हणालात, तव्याला लागला. मी म्हणालो, वाळवी लागली ती फळीला नाही, तुमच्या खरेपणाला. हे वाक्य मला तेव्हा फार झकास वाटलं होतं, स्टेशनापर्यंत मी ते मनात घोळवत गेलो. अक्का दारात उटणं वाटत बसली होती, तिच्याकडे मी वळूनही पाहिलं नाही. ती दिवाळी मी नांदेडला खोलीत एकट्यानं काढली. त्याच्या पुढचीही. तुम्ही पत्र पाठवलंत. मी कागद फाडले.

आणि आता तार.

मी पोचलो तेव्हा तुम्हाला बाहेर अंगणात ठेवलं होतं. अक्का मला म्हणाली, तापातही ऐकलं नाहीत, चौकीत जाऊन बसलात, आज पेट्या यायच्यात म्हणालात. दुपारी भाकरी घेऊन ती आली तेव्हा तुम्ही भिंतीला टेकून होतात, लोटा हातात. पुतण्यानं अग्नी दिला. सगळं आयुष्य विस्तवाशी वैर धरलेल्या माणसाला शेवटी त्याच्याच स्वाधीन करताना मला बघवेना, मी गोदावरीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या शेजारी खदानीतले वड्डर उभे होते, पहारीच्या घट्ट्यांचे हात जोडून. त्यांच्यात कुणीच बिडी काढली नाही.

गुरुजी म्हणाले, जिथे प्राण गेला तिथे दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा असतो.

"तिथं न्हाई जमायचं," अक्का म्हणाली.

"मग घरी ठेवा."

"घरी कशाला? प्राण घरी न्हाई गेला."

मी मध्ये पडलो. दाजी, तुम्ही हसाल. तुमचा हा दिव्याबिव्याला न मानणारा मेव्हणा बहिणीच्या समोर हट्टाला पेटला की एक तरी दिवा लाव, घरात लाव, देवळीत लाव, कुठेही लाव. मला तो हवा होता. तुमच्या नावानं काहीतरी उजेड हवा होता, कारण नसला तरी. अक्कानं ऐकलं नाही. ती उठली, तुमचा लोटा पाण्यानं भरला, चौकीत जिथे तुम्ही टेकला होतात तिथे नेऊन ठेवला आणि वर एक कण्हेरीचं फूल ठेवलं. दहा दिवस ती रोज पाणी बदलत होती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली. अक्कानं मला तुमचा पाट दिला. मी त्यावर बसेना. ती म्हणाली, पुसून देते, आणि उलटा केला. खालच्या बाजूला लाल अक्षरं होती. "येथे देवी नाही" एवढं स्पष्ट दिसत होतं, बाकीचं फरशीवर घासून गेलेलं.

पहिल्यांदा मला रागच आला हो. माझ्या अक्षरावर दोन वर्षं बसून जेवलात.

मग अक्कानं सांगितलं. पाटी लावून मी परत गेल्यावर महिनाभरात ठेकेदाराचा कुणी भाचा आला, शहरात शिकलेला. पाटी वाचता येणारा पहिलाच माणूस. त्यानं ती बायकांना वाचून दाखवली, हसला आणि म्हणाला, बघा, मास्तरच लिहून गेलाय देवी नाही म्हणून. आणि देवी नाही हे दाखवायला तो बांधावर बसला आणि त्यानं बिडी पेटवली. ओढून झाल्यावर थोटूक टाकलं ते आतल्या बाजूला, वाळल्या गवतात.

"ह्यांनी पळत जाऊन तळहातानं दाबलं," अक्का म्हणाली. "इझंस्तोर उचलला न्हाई हात."

"मला म्हणाले, तव्याला लागला."

"तुला काय सांगायचं? तू लई आनंदात गेला व्हतास."

मी विचारलं, मग पाटी का ठेवली, फेकून का दिली नाही. ती म्हणाली, तिनं तेच म्हटलं होतं. त्यावर तुम्ही म्हणालात, दत्तूनं हातानं लिहिलीय, फेकायची कशी. आणि जाळता येत नव्हती, इथे जाळायला जागाच नाही. म्हणून कोऱ्या बाजूला रंधा मारून पाट केलात. एवढं सांगून अक्का भाकरी वाढायला लागली. मी जेवलो नाही. त्या पाटासमोर जमिनीवर बसून राहिलो. तुमच्या तळहाताकडे मी त्या दिवशी नीट पाहिलंही नव्हतं, दाजी. चिंधी आहे एवढंच पाहिलं, आणि माझं झकास वाक्य बोलून निघालो.

काल दहावा झाला. नदीवरून परत आलो तर बांधाच्या तोंडाशी बायका बसलेल्या. मी चपला काढल्या, पाय धुतले, चौकीत येऊन लोट्यापाशी बसलो. थोड्या वेळानं नव्यानं लग्न होऊन आलेली एक मुलगी उठली. पदराखाली ताट होतं. ताटात पणती, तेल, वात, काड्यांची पेटी. तिचा पाय चौकीच्या उंबऱ्यावर होता.

"काय आणलंस?" मी विचारलं.

"काकांसाठी," ती म्हणाली. "हितंच गेले म्हणं. आजच्या दिवस तरी लावावा म्हणलं."

माझ्या मागे वीस हातांवर भिंत आणि भिंतीमागे पेट्या. नवा रखवालदार अजून यायचा आहे. मला सरळ सांगता आलं असतं, बाई, आत बारूद आहे. दोन वर्षं मी त्याच खरेपणासाठी तुमच्याशी भांडत होतो. मुलीचा हात काड्यांच्या पेटीकडे गेला.

"हितं दिवा चालत न्हाई," मी म्हणालो. माझ्या तोंडी तुमची बोली कुठून आली कोण जाणे. "मायला चालत न्हाई."

"मायसाठी न्हाई लावत. काकांसाठी लावून राहिले."

"काकालाबी चालत न्हाई."

ती गोंधळली. "मंग त्यानला काय चालतं?"

मी लोट्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "पाणी."

ती वळली, ताट दूर नेऊन ठेवलं, ओंजळभर पाणी घेऊन आली. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण मला वाटत होतं की मी आता तुमच्यासारखाच खोटा झालो, आणि मला त्याचं बरंही वाटत होतं. नरसाबाई शेजारी येऊन बसली. म्हातारी आता फार वाकली आहे.

"दादागत बोललास," ती म्हणाली.

"खोटं बोललो नरसाबाई. आत देवी नाही. तुम्हाला मागंच सांगितलं होतं."

"हाव. अन् आमाला ठावं नव्हतं व्हय?" ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "माझा नवरा सुरुंग भरायचा, मास्तर. ह्या घरातून निघालेली कांडी त्याच्या हातात जायची. मला काय आज सांगतोस आत काय हाय ते?"

"मग ते दिवा, उदबत्ती..."

"पहिला दिवा माझ्या सुनंनं लावला. लांबून आल्याली, तिला काय ठावं. मला कळलं तवा मी कपाळच बडवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गोळा केल्या आन् मुद्दाम मोठ्यानं इचारलं दादाला. सगळ्यांनी ऐकावं म्हनून."

"दाजींना माहीत होतं? तुम्हाला माहीत आहे ते?"

"पहिल्याच दिशी. मी इचारलं, त्यानं सांगितलं. दोघंबी हसलो न्हाई एवढंच."

"मग हात कशाला जोडता?"

वर्गात मी मठ्ठ पोराकडे बघतो तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. "रोज सकाळी हिच्या पोटातून घेऊन जातेत आन् सांजला आमची मानसं घरला येतेत. कवा कवा येत न्हाईत. हात जोडू नगं तं काय करू?"

मी म्हणालो, मग दाजींनी मला का नाही सांगितलं. एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. पाटी लिहायच्या आधीच.

"आमी म्हनलं व्हतं, मास्तरला सांगा. तं म्हनले, नगं. एवढ्या लांबून एवढी जड पाटी घेऊन आलाय. त्याला वाईट वाटंल."

दाजी, तुम्ही एवढी जाड भिंत माझ्यासाठीही बांधली होतीत. आणि वरचं छप्पर हलकं ठेवलं होतंत. मी फुटलो, माझं सगळं वर निघून गेलं, आणि तुम्हाला खरचटलं असेल तर ते मला कधी दिसूही दिलं नाहीत. मला आता तुमच्याशी भांडायचं आहे. एकदा तरी येऊन माझ्यासमोर बसा, मी तुम्हाला विचारतो, मला एवढं जपायची काय गरज होती? मी काय तुमची पेटी होतो का, छातीशी धरून, पाऊल मोजत न्यायला? एका शब्दानं माझा माज उतरवला असतात तर मी चार दिवस रुसलो असतो आणि पाचव्या दिवशी आलो असतो. दोन दिवाळ्या वाचल्या असत्या. तुम्हाला मात्र वाईट वाटत नव्हतं, असं तुमचं पत्र सांगत नाही. "मीबी" एवढं लिहिलंत. तो शब्द मी आता इतक्यांदा वाचला आहे की घडीवरून कागद फाटायला आलाय.

अक्का माझ्याबरोबर नांदेडला येतेय. कचेरीतून कुणी आलं की पितळेची किल्ली सोपवायची, मग निघायचं. नव्या माणसाला मी काय सांगायचं याची यादी करून ठेवली होती, लोखंड, खडे, टोप्या दूर ठेवणं. नरसाबाई म्हणाली, बाकीचं आम्ही सांगू. पाट मी नेतो आहे. अक्का म्हणते, सुलटा करून भिंतीला लाव, तुझं अक्षर चांगलं आहे. मी पाट म्हणूनच ठेवणार, तुम्ही ठेवला होतात तसा, अक्षरं खाली करून. एका बाजूला तुमच्या बसण्यानं फळी जरा गुळगुळीत झाली आहे, त्यावर मी बसणार नाही, पुढच्या दिवाळीला त्यासमोर अक्का तुमचं ताट वाढेल.

पेन्सिलीचं टोक संपत आलं. आता उठतो. बाहेरच्या रांजणातून पाणी घेतो, लोट्यातलं कालचं पाणी मायच्या धोंड्यावर घालतो आणि ताजं भरून तुमच्या जागी ठेवतो. कण्हेरीला आज दोन फुलं आली आहेत, दोन्ही आणली.

अकरा दिवस झाले, दाजी. तुमच्यासाठी एकही दिवा लावलेला नाही.